पाहुण्या कवितेचे यजमान

१९१९ साली अमेरिकेतल्या अनेक शहरांत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांवर हल्ले केले. त्या उन्हाळ्याला पुढे ‘रेड समर’ असे नाव पडले. जमैकाहून आलेला क्लॉड मॅके तेव्हा रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर होता. त्याचे ‘इफ वी मस्ट डाय’ हे सुनीत जुलैमध्ये ‘लिबरेटर’ मासिकात आले. संपादक मॅक्स ईस्टमन गोरे होते आणि मासिक डाव्या विचारांचे. कविता दयेची याचना करत नव्हती, उलटून लढायला सांगत होती. ती तशीच छापली गेली.

अन्यायग्रस्ताला पान देणारा संपादक उदार ठरतो. पण खरा प्रश्न पान दिल्यानंतरचा आहे. दुःख छापायला फारशी हिंमत लागत नाही. वाचक हळहळतो आणि पान उलटतो. लेखक दुःखावर न थांबता ते देणाऱ्याकडे बोट दाखवू लागला, की संपादकाचा लाल पेन्सिलीकडे हात जातो.

हे मॅकेच्याच वाट्याला आले. मार्च १९२५ मध्ये ‘सर्व्हे ग्राफिक’ या समाजकार्यविषयक मासिकाने न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीवर विशेषांक काढला. त्याचे अतिथी संपादक होते हॉवर्ड विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक अलेन लॉक. त्याच वर्षी अंकाचा विस्तार होऊन ‘द न्यू नीग्रो’ हा ग्रंथ निघाला. त्यात मॅकेच्या ‘द व्हाइट हाउस’ कवितेचे शीर्षक लॉक यांनी परस्पर ‘व्हाइट हाउसेस’ केले. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाकडे रोख आहे असे कुणाला वाटू नये, ही धास्ती. एकाची अनेक घरे झाली आणि आरोप विरळ झाला. मॅके संतापला, १९३७ च्या आत्मचरित्रातही त्याने ही तक्रार मांडली. लॉक स्वतः कृष्णवर्णीय होते, कृष्णवर्णीय लेखकांना पुढे आणण्यात त्यांचा वाटा मोठा होता. तरीही भीती होतीच. संपादक आपल्यातला असला म्हणून लेखन सुरक्षित राहते असे नाही.

‘द क्रायसिस’चे उदाहरण वेगळे आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या या मासिकाच्या साहित्य संपादक १९१९ ते १९२६ या काळात जेसी फॉसेट होत्या. जून १९२१ मध्ये तिथे नद्यांवरची एक कविता आली. कवी होता विशीच्या आसपासचा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला लँग्स्टन ह्यूज. जीन टूमर, काउंटी कलन यांनाही फॉसेटबाईंनी जागा दिली. त्या मासिकात झुंडबळींचे वृत्तान्त आणि आकडे नियमित येत. कवितेच्या शेजारी ते असल्यामुळे तिच्यातले दुःख एकट्या कवीची व्यथा म्हणून बाजूला सारता येत नसे. एकाचा संघर्ष आणि समाजाचा अन्याय यांची सांगड तिथे अंकाच्या मांडणीतूनच घातली जाई.

दुसऱ्याच्या मासिकात पाहुणा असलेल्या लेखकाला स्वतःचे घर हवेच असते. ह्यूज, झोरा नील हर्स्टन, वॉलेस थर्मन प्रभृतींनी १९२६ मध्ये ‘फायर’ हे नियतकालिक काढले; पैशाअभावी एकच अंक निघाला. १९६५ मध्ये डेट्रॉइटचे ग्रंथपाल-कवी डडली रँडल यांनी एकेका कवितेचे सुटे कागद छापून ‘ब्रॉडसाइड प्रेस’ उभी केली. पुलित्झर मिळवलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स यांनी मोठा प्रकाशक हाताशी असताना १९६९ चा ‘रायट’ हा संग्रह या छोट्या प्रकाशनसंस्थेला दिला.

मराठीला हा इतिहास परका नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सवरून नाव घेतलेली दलित पँथर ही संघटना १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झाली. त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ‘साधना’ने १५ ऑगस्टचा विशेषांक काढला. त्यातल्या, पँथरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या राजा ढाले यांच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाने महाराष्ट्रभर वादळ उठले. समाजवादी परंपरेच्या साप्ताहिकाने हा लेख छापला, याचे मोल त्या वादळावरूनच कळते.

आज वंचितांच्या कविता छापायला बहुतेक संपादक तयार असतात. लेखकाला न विचारता शब्द बदलायचा नाही आणि अंकावर टीका झाली तर त्याला एकटे सोडायचे नाही, एवढ्या दोन गोष्टी त्यांनी पाळाव्यात. ज्यांना हे झेपणार नाही, त्यांनी विशेषांक काढू नयेत.