नंबर नसलेला खांब

आमच्या घरासमोरचा दिवा गेला की पूर्वी मी आमच्या नगरसेवकांच्या ओट्यावर जाऊन बसत असे. ते बनियनवरच बाहेर यायचे, चहा सांगायचे, "झालंच समजा" म्हणायचे आणि काहीच व्हायचं नाही. तिसऱ्या चहाला मात्र काम व्हायचं.

पुढे 2022 च्या मार्चात मुंबई-पुण्यासकट राज्यातल्या अनेक महापालिकांच्या मुदती संपल्या. निवडणुका लांबल्या आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. आमचं शहरही त्यांतलंच. त्या काळात पुन्हा दिवा गेला. चिरंजीवांनी मोबाइलवर तक्रार नोंदवली, खांबाचा नंबर टाकला आणि तिसऱ्या दिवशी लख्ख उजेड! ओटा नाही, चहा नाही. मी सौ.ला म्हटलं, "बघ, कशाला हवेत ते सभागृह आणि ते नगरसेवक?"

भांडी घासता घासता मावशी म्हणाल्या, "काका, आमच्या बोळात बी एक दिवा टाकायला सांगा की. पोरी अंधारात येत्यात."

"त्यात काय! खांबाचा नंबर सांगा."

"खांबच न्हाई, तर नंबर कुठला आणू?"

मी मोबाइल हातात धरून बसलो. नंबराशिवाय तक्रार पुढे सरकेना.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. असलेला दिवा दुरुस्त करायला एक वायरमन आणि एक शिडी पुरते. पण नसलेला खांब आधी कोणाच्या बोळात उभा करायचा आणि त्यासाठी कोणाच्या चौकातलं कारंजं रद्द करायचं, हे शिडीला ठरवता येत नाही. त्यासाठी चारचौघांत भांडावं लागतं. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराचे 18 विषय सांगितले. त्यांत झोपडपट्टी-सुधारणेपासून कोंडवाड्यांपर्यंत सगळं आहे, रस्त्यावरचे दिवेही आहेत. आधी कोणाचा दिवा, एवढंच तेवढं लिहिलेलं नाही!

महात्मा फुले 1876 पासून काही वर्षं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. तेही सरकारने नेमलेले. लॉर्ड लिटन यांच्या स्वागताच्या खर्चाचा विषय निघाला, तेव्हा विरोध करणारे ते एकटेच. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. खर्च मंजूर झालाच. पण "नको" म्हणायला निदान एक खुर्ची होती. उत्तम कारभार करणाऱ्या एकट्या माणसासमोर ती खुर्चीच नसते.

आता खरं सांगायची वेळ आली. आमच्या फाटकासमोरचा तो खांब मुळात मावशींच्या बोळाच्या तोंडाशी यायचा होता. मी तो तिसऱ्या चहाला इकडे वळवून घेतला. म्हणजे नगरसेवकांना मी जी नावं ठेवत आलो, त्यांतली निम्मी ओट्यावर बसलेल्या माणसाला लागू होती.

मावशींना हे अजून सांगितलेलं नाही. पण रात्री फाटक उघडताना तो लख्ख उजेड जरा डोळ्यांत जातो.