बरबटलेले हात आणि रोखलेले बोट

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची एक शेड आहे. ती केव्हा उभी राहिली हे आता कोणालाच नक्की सांगता येत नाही. प्रथम उन्हाळ्यातील पापड-कुरडयांसाठी चार बांबू आणि ताडपत्री आली, मग लोखंडी खांब आले, मग पत्रे आले, आणि एके दिवशी तिथे पंखा फिरू लागला. परवानगी कोणी मागितली नाही आणि महापालिकेनेही कोणाला विचारले नाही. पुढे इम्पॅक्ट फीची योजना निघाली, तेव्हा आम्ही सर्वांनी वर्गणी काढून अर्ज केला. नियम मोडल्याची किंमत भरून नियमात येण्याची ती सोय होती, आणि ती आम्हांस फार शहाणपणाची वाटली होती.

ही घरगुती गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे की, मंडळाच्या मागील बैठकीत सरथाण्याच्या आगीचा विषय निघाला असता एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे विचारले, "तुमची शेड अजून आहे ना हो?" बैठक तेथेच थबकली. त्या प्रश्नाला तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून हा लेख.

२४ मे २०१९ रोजी दुपारी सरथाण्यातील तक्षशिला आर्केडला आग लागली. इमारतीच्या माथ्यावर गच्ची झाकून केलेल्या जागेत शिकवणीचे वर्ग चालत होते. उतरण्याची वाट धुराने आणि ज्वाळांनी बंद झाली. मुलांनी वरून उड्या टाकल्या. बावीस जीव गेले, त्यांतील बहुतेक विद्यार्थी होते. बांधकाम करणारे, वर्ग चालविणारे यांच्याबरोबर महापालिकेचे आणि अग्निशमन दलाचे काही अधिकारीही पकडले गेले. त्यानंतर शहरातील शेकडो वर्गांना कुलुपे लागली, गच्च्यांवरील शेडांवर हातोडे पडले. काही महिने आम्हीही धास्तावलो होतो. मग हातोडे थांबले. बरोबर पाच वर्षे आणि एक दिवस उलटल्यावर, २५ मे २०२४ रोजी, राजकोटच्या एका खेळघरात आग लागून सत्तावीस माणसे गेली. तेही पत्र्याचे बांधकाम होते, आणि अग्निशमन दलाच्या दाखल्यावाचून चालले होते.

आता ज्येष्ठांचा आक्षेप नीट मांडून पाहू, कारण तो वरवर दिसतो त्याहून खोल आहे. शासनाची ढिलाई म्हणजे केवळ आळस नव्हे. ती एक देवाणघेवाण आहे. अधिकारी डोळेझाक करतो ती हवेत करत नाही, कोणाच्या तरी सोयीसाठी करतो, आणि तो कोणीतरी बहुधा आपणच असतो. बंद केलेली गॅलरी, वाहनतळाच्या जागी काढलेले दुकान, बी.यु. परवानगीवाचून घेतलेला ताबा – या शहरात असे काहीच नसलेले घर शोधावेच लागेल. तेव्हा जो माणूस ढिलाईचा लाभ घेतो त्यानेच ढिलाईचा जाब विचारणे हा ढोंगीपणा नव्हे काय?

या आक्षेपात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत असे आम्हांस वाटते. एक, विचारणाऱ्याची लायकी. दुसरा, विचारल्या गोष्टीची सत्यता. आमच्या गच्चीवर शेड आहे म्हणून सरथाण्याचा जिना सुरक्षित होत नाही. पण एवढे म्हणून सुटका होत नाही, कारण लायकीचा प्रश्न तरीही उरतोच.

येथे आपल्याच शहराचे एक वर्ष आठवते. १८४४ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेत शिक्षक होते. मराठीचे व्याकरणकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्या वर्षी जूनमध्ये दुर्गाराम मेहताजी आदी मित्रांसह त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापिली, हे आपल्या घरांतील तरुणांना फारसे ठाऊक नसते. (त्या मंडळींची नावे 'द'ने सुरू होत, म्हणून लोक त्यांना पाच 'दद्दा' म्हणत.) मंत्रतंत्रवाल्यांना, तुमची शक्ती चारचौघांत दाखवा, असे आव्हान देण्याचे धाडस त्यांच्यात होते. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कंपनी सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला तेव्हा सुरतेचे लोक रस्त्यावर आले, आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. त्या गर्दीतील प्रत्येक व्यापाऱ्याचे माप खरे होते असे समजण्याचे काही कारण नाही. चार वर्षांनी सरकारने बंगाली वजने लादली तेव्हा दुकाने बंद ठेवणारेही तेच होते. जाब विचारण्याआधी त्यांना कोणी चारित्र्याचा दाखला मागितला नाही. मागितला असता तर कर रुपयाच राहिला असता.

आमचे मत असे की, जाब विचारणे आणि दोष देणे यांत अंतर आहे. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी महायुद्धानंतर, १९४६ साली, अपराधाचे प्रकार वेगळे करून दाखविले होते. कायद्याने सिद्ध होणारा अपराध एक, ज्या राज्याचे आपण नागरिक त्याच्या कृत्यांबद्दलची जबाबदारी दुसरी, आणि आपल्या विवेकापुढची टोचणी तिसरी. आमची शेड ही विवेकाची आणि काही अंशी कायद्याचीही बाब आहे. परंतु अधिकाऱ्याचे उत्तरदायित्व त्याच्या सद्गुणावर उभे नाही, त्याने स्वीकारलेल्या पदावर उभे आहे. आम्हांस फक्त आमची गच्ची दिसते, त्याला सारे शहर दिसते. किमान दिसावे म्हणून तरी त्याला वेतन मिळते. कोणत्या वर्गात किती मुले बसतात आणि खाली उतरायला किती जिने आहेत, हे जाणण्याचा अधिकारही त्यालाच आणि भारही त्यालाच. जेथे ज्ञान आणि सत्ता एकत्र असतात तेथे जबाबदारी समसमान वाटून घेता येत नाही. "सगळेच दोषी" हे वाक्य विनम्र वाटते खरे, पण त्याचा सर्वांत मोठा फायदा सर्वांत मोठ्या दोषीला होतो.

१९९४च्या प्लेगनंतर आपण हे प्रत्यक्ष पाहिले आहे. एस. आर. राव १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आले, तेव्हा शहर तेच होते, नागरिक तेच होते आणि महापालिकेचे नोकरही तेच होते. अधिकाऱ्यांनी रोज थंड खोलीतून उठून गल्लीत जावे आणि आपल्या विभागाचे उत्तर आपण द्यावे, एवढा बदल त्यांनी घडविला. अतिक्रमणे पडली, रस्ते रुंद झाले. लोक सुधारले म्हणून कारभार सुधारला असे झाले नाही. उलट झाले.

मात्र आमच्या वर्गाचे खरे अपयश गच्चीवर नाही, ते खाली आहे. पावसाळ्यात मिठी खाडी फुगते आणि लिंबायतच्या वस्त्यांत पाणी शिरते. तेथे राहणारी बरीच माणसे खानदेशातून आलेली, म्हणजे आपलीच. त्यांच्या अहिराणीला आपण हसतो, आणि आपल्या गणेशोत्सवाला त्यांची वर्गणी घेतो. ६ जानेवारी २०२२च्या पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक कचरा नाल्यात सोडला जात असता विषारी वायूने शेजारच्या कारखान्यातील सहा मजूर मेले. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटले तेव्हा आम्हीही बुडालो होतो, आणि त्या पुरावर आमच्या मंडळींनी केवढे लिहिले! सचिनवर कोणी काही लिहिल्याचे स्मरत नाही. ढिलाईचा लाभ एकीकडे आणि तिची किंमत दुसरीकडे, अशी वाटणी जेथे ठरून गेलेली असते तेथे "सगळेच नियम मोडतात" हे म्हणणे निव्वळ खोटे ठरते. आम्हांस नियमभंगातून सावली मिळाली. त्या सहा जणांना मिळाला तो वायू.

आणि मग तो विषय, ज्यावर आपण घरातही हळू आवाजात बोलतो. १९९२च्या डिसेंबरमध्ये या शहरात जे झाले ते ज्यांनी पाहिले ते अजून आपल्यात आहेत. तेव्हाही कायदा होता, पोलीस होते, आणि तेव्हाही ढिलाई ही कोणासाठी तरी सोय होती. द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांत आमचा वाटा शेडसारखा दिसत नाही. तो खिडकी लावून घेण्याचा असतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलो तरी बाहेरचेच, ही जाणीव आपल्या मौनामागे असते, आणि ती समजण्याजोगी आहे. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर भारतीय मजुरांवर हल्ले होऊन हजारो जण गुजरात सोडून गेले, तेव्हा आम्हांस कोणी बोट लावले नाही, म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. दहा वर्षांपूर्वी, २००८ साली, मुंबईत तशाच मजुरांना मराठीच्या नावाने मारले गेले होते तेव्हा मात्र आपल्यातील काहींना त्यात अभिमान वाटला होता. हे लिहिताना बरे वाटत नाही.

त्याच २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा यांसारख्या कारणावरून केलेल्या खुनाला स्वतंत्र पोटकलम आहे. त्या यादीत धर्म हा शब्द उघडपणे नाही, हे वाचकांनी स्वतः पाहावे. आपल्या जिल्ह्यात हा नेमलेला अधिकारी कोण, हे २००५च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली विचारायला साधा अर्ज पुरतो. खाडीत कोण काय सोडतो, शाळा-शिकवण्यांपैकी कोणाकडे अग्निशमनाचा दाखला आहे, हेही त्याच अर्जाने विचारता येते. मंडळाच्या नावे असे तीन अर्ज करावेत असे आम्ही सुचविले आहे.

अर्जावर सही करताना हात बरबटलेला असेल. तो तसाच असू द्यावा, परंतु झाकू नये, असे आमचे म्हणणे आहे. म्हणून सोसायटीच्या सभेत शेड काढण्याचा ठराव आम्हीच मांडला. सात जण बाजूने, अकरा विरुद्ध. पापड कोठे वाळवायचे, हा प्रश्न तिथे सर्वांत जास्त वेळ चालला. ठराव दिवाळीनंतरच्या सभेत पुन्हा येणार आहे. तोवर निदान तिथली जिन्याची वाट अडविणारी जुनी कपाटे तरी आम्ही उचलून घेतली आहेत, आणि त्या ज्येष्ठांना तसे कळविले आहे.