कोणाच्या डोळ्यांनी?

दोन डोळे असून माणसाला जग एकच दिसते, याचे नवल आपल्याला कधी वाटत नाही. ते वाटायला दुर्बीण एकदा पडावी लागते. आमची पडली, फडताळातून थेट फरशीवर. काच शाबूत राहिली, म्हणून मी हुश्श केले. पुढे महिनाभर आरमोरीच्या आमच्या गच्चीवरून मी तारे पाहत होतो आणि खाली उतरताना कपाळ दाबत होतो. दोष चष्म्याला दिला, जागरणाला दिला; दुर्बिणीला मात्र दिला नाही, कारण तारा तर एकच दिसत होता!

खरी गोष्ट अशी, की नळ्यांची तोंडे किंचित वाकडी झाली तरी डोळे कुरकुर करीत नाहीत. मुकाट्याने वळून ते दोन चित्रे एकावर एक बसवतात. पुष्कळ घरांतली शांतता याच जातीची असते. सगळे एका सुरात बोलतात, आणि कोणा एकाचे कपाळ दुखत असते.

गॅलिलिओचे बरे होते. १६१० सालच्या पुस्तकात त्याने कृत्तिकांचे ३६ तारे काढून दाखवले, ते एकाच नळीतून पाहून. भांडायला दुसरी नव्हतीच.

दिवाळी आली. वैनगंगेवरून गार वारा सुटला, आणि अवसेच्या काळोखात मी दुर्बीण वायव्येकडच्या अभिजितावर रोखली. एका नळीतला तारा मुद्दाम अस्पष्ट केला, तशी त्याची फिकट चकती झाली. दुसरीत टिंब राहिले. टिंब चकतीच्या मध्यावर हवे. आमचे कडेच्याही बाहेर! नळीवरच्या आवरणाची कड सोडवली. खाली लोलकाला टेकलेले बारीक स्क्रू होते. त्यांची मूळ जागा पेन्सिलीने खुणावून घड्याळजीच्या पेचकसाने एक जरासा फिरवला, तर टिंब चकती ओलांडून पार पलीकडे! तासाभराने ते मध्यावर बसले. मी लढाई जिंकल्याच्या थाटात आईला हाक मारली.

आईने नळ्या आपल्या डोळ्यांजोग्या जवळ आणल्या, पाहिले आणि म्हणाली, "मले त दोन दिसतेत रे."

"आई, तुझा मोतीबिंदू आत्ताच काढलाय ना," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. पणत्यांत तेल घालायला खाली गेली. मग माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने पाहिले. तिलाही दोनच!

दोन्ही नळ्या मधल्या बिजागरीच्या दांड्याशी समांतर असतील, तरच कोणीही अंतर कमीजास्त केले तरी जुळणी टिकते. मी फक्त एक नळी दुसरीशी जुळवली होती, आणि तीही माझ्या डोळ्यांच्या अंतरावर. माझे सत्य मोजून ६५ मिलिमीटर रुंद होते. मी खोटे पाहत नव्हतो, हीच तर अडचण. खोटारड्याला पकडता येते. स्वतःपुरते खरे असणाऱ्याला कोण पकडणार? आणि आईचे डोळे अधू ठरवायला मला क्षणही लागला नव्हता.

सगळ्यांच्या डोळ्यांना चालेल अशी जुळणी करायला कारखान्यात खास उपकरणे असतात. माझ्यासारख्या हौशी माणसाला घरी ती एकापुरतीच साधते. मग कोणापुरती करावी? गच्चीवर रोज जाणारा मी. आई वर्षातून चार वेळा येणार. हिशेबाने दुर्बीण माझीच ठरते, आणि हा हिशेब चुकीचा आहे असे मला अजूनही सिद्ध करता येत नाही.

दुसऱ्या रात्री आईला स्टुलावर बसवले, नळ्या तिच्या अंतरावर ठेवल्या आणि पेचकस घेतला. ती सांगत गेली, मी फिरवत गेलो.

"बस, झाला एक."

मग दुर्बीण पूर्वेकडे वळवून तिने कृत्तिका मोजायला घेतल्या. बराच वेळ मोजत होती. माझी पाळी आली, तेव्हा मी एक डोळा मिटून घेतला.