मॅडम, ते त्यांचं पर्सनल होतं

माझ्या कंपनीत दर वर्षी लैंगिक छळ प्रतिबंधाचं एक ऑनलाइन ट्रेनिंग असतं. अर्धा तास स्लाइड पुढे ढकलायच्या आणि शेवटी दहा प्रश्न सोडवायचे. या वर्षीचा सातवा प्रश्न असा होता : तुमच्यासमोर एका सहकाऱ्यानं दुसरीशी गैरवर्तन केलं आणि नंतर चौकशी समितीनं तुम्हाला बोलावलं, तर तुम्ही काय कराल? मी ‘जे पाहिलं ते सांगेन’वर क्लिक केलं. दहापैकी दहा मिळाले, सर्टिफिकेट डाउनलोड झालं.

2018 मध्ये हाच प्रश्न मला समोरासमोर विचारला गेला होता. तेव्हा माझं उत्तर चुकलं.

मी विदर्भातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात थर्ड इयरला होतो. माझा रूममेट आणि आमच्याच वर्गातली एक मुलगी वर्षभर रिलेशनशिपमध्ये होते. तो तिचा फोन रोज तपासायचा. तिचं लोकेशन त्याच्या मोबाइलवर कायम चालू असायचं. ती कुणासोबत चहा प्यायली, याचा हिशेब रात्री आमच्या रूममधून फोनवर घेतला जायचा. मी हेडफोन लावून असाइनमेंट लिहीत बसायचो. एकदा कँटीनमागच्या पार्किंगमध्ये त्यानं तिचा हात पिरगळून फोन हिसकावलेला मी पाहिला. मी जवळ गेलो तशी ती हसून म्हणाली, “काही नाही रे, मजाक चाललाय.” मला तेवढंच ऐकायचं होतं. मी गाडी काढली आणि निघालो.

पुढे तिनं ब्रेकअप केलं. मग तो तिच्या हॉस्टेलच्या गेटवर आणि लॅबबाहेर उभा राहू लागला, नव्या नव्या नंबरांवरून मेसेज करू लागला. सोबतच्या काळातले तिचे खासगी फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकण्याची धमकीही त्यानं दिली. तिनं अंतर्गत तक्रार समितीकडे अर्ज केला.

समितीनं मला बोलावलं, त्याच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एक सीनियर मला म्हणाला, “अबे, दोघांच्या भानगडीत तू कायले पडतो?” दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, “तू त्यांच्यात काही पाहिलं होतंस का?” मी म्हणालो, “मॅडम, ते त्यांचं पर्सनल होतं.”

मी खोटं बोललो नाही, कुणाची बाजूही घेतली नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. या लेखात मला हेच तपासायचं आहे. बाजू न घेणं म्हणजे नेमकं काय असतं?

तिनं अर्जात आणखी एक साधी मागणी केली होती. प्रॅक्टिकलच्या बॅचेस रोल नंबरनं पडतात आणि त्या दोघांचे नंबर जवळजवळ होते. आठवड्यातून चार वेळा ती त्याच लॅबमध्ये त्याच्यापासून दोन हातांवर बसायची. तिला त्याची बॅच बदलून हवी होती. डिपार्टमेंटचं उत्तर आलं की चौकशी पूर्ण झाल्याशिवाय आम्ही कुणाच्याही विरोधात काही करू शकत नाही, आम्हाला दोन्ही विद्यार्थी सारखे.

हे उत्तर ऐकायला न्याय्य वाटतं. मलाही तेव्हा वाटलं होतं. पण पुढे काय झालं ते पाहा. तिनं प्रॅक्टिकलला येणं बंद केलं. तिचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं, टर्मवर्कचे मार्क गेले. तो मात्र रोज लॅबमध्ये आला आणि पुढच्या वर्षी प्लेसमेंटलाही बसला. चौकशी लांबत गेली आणि ‘पुरेसा पुरावा नाही’ म्हणून संपली. त्या नसलेल्या पुराव्यात माझं एक वाक्य होतं.

म्हणजे निकाल लागायच्या आत शिक्षा झाली होती. ती कुणी सुनावली नव्हती, म्हणून कुणाला दिसली नाही.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे कळायला हवं होतं. फॉर्ममधला एखादा पर्याय तुम्ही निवडला नाही, तर तो रिकामा राहत नाही. आधीच कुणीतरी ठरवलेली सेटिंग लागू होते. कॉलेजातही तसंच आहे. काहीच केलं नाही की आहे ते चालू राहतं, आणि ज्याला आहे ते सोसवत नाही, तो निघून जातो.

नियम काय सांगतात, हे मी बऱ्याच उशिरा वाचलं. राजस्थानात बालविवाह रोखण्याचं काम करणाऱ्या भंवरीदेवींवर 1992 मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1997 मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. 2013 मध्ये कायदा झाला. विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम आहेत, ते 2016 मध्ये अधिसूचित झाले. म्हणजे आमच्या त्या प्रकरणाच्या वेळी ते लागू होते.

चौकशी चालू असतानाच तक्रारदाराला किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला दुसऱ्या विभागात किंवा सेक्शनमध्ये हलवता येतं, असं त्यांत लिहिलं आहे. त्याला तिच्यापासून अंतर ठेवण्याची ताकीद देता येते. यासाठी कोण खरं, कोण खोटं हे आधी ठरवावं लागत नाही. चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी. साक्षीदाराचंही नाव उघड करायचं नाही. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल, तर समितीवर तीन विद्यार्थी हवेत आणि ते निवडून आलेले हवेत. आमच्याकडे सरांनीच सीआरची नावं लिहून दिली होती. कुलगुरू, डीन, विभागप्रमुख अशा पदांवरच्या माणसांना तर समितीवर बसताच येत नाही.

जेएनयूमध्ये 1999 पासून निवडून आलेल्या विद्यार्थ्यांचा सहभाग असलेली एक समिती होती. 2017 मध्ये ती बंद करून तिथे अंतर्गत तक्रार समिती आणली गेली, तेव्हा विद्यार्थी आणि शिक्षकांनी विरोध केला. त्या भांडणाचा अर्थ मला आता लागतो. समितीतली माणसं कुणी बसवलीत, यावर तिच्यापुढे कोण तोंड उघडेल हे ठरतं.

पण आमच्यासारख्या प्रकरणात नियमही अपुरे पडतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, समितीला पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. अनोळखी माणसानं त्रास दिला तर तो त्रास आहे हे त्याच दिवशी कळतं. प्रेमातल्या माणसानं दिला, तर ती काळजी नव्हती हे कळायलाच वर्ष जातं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा एका घरात राहणाऱ्यांचा विचार करतो. दोन वेगळ्या हॉस्टेलांत राहणारी दोघं त्यात सहज बसत नाहीत. पाठलाग करणं 2013 पासून गुन्हा आहे, पण त्यासाठी पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागते आणि घरी सांगावं लागतं. रोज फोन तपासणं, कुणाशी बोलायचं ते ठरवणं, याला तर आमच्याकडे एकच शब्द होता : पझेसिव्ह. तोही थोडं कौतुकानंच म्हटला जायचा.

समितीत तिला विचारलं गेलं, “पण तुम्ही रिलेशनशिपमध्ये होतात ना?” हे तिनं नंतर मैत्रिणींना सांगितलं होतं. जणू कालच्या होकारात आजचा होकारही धरलेला असतो.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा. तक्रार खोटी असेल तर? तो निर्दोष असेल तर? ही भीती मी थट्टेवारी नेणार नाही. एखाद्याला कॉलेजातून काढणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती पुराव्याशिवाय होता कामा नये. त्याची बाजू ऐकून घेतलीच पाहिजे. पण बॅच बदलणं ही शिक्षा नाही. मंगळवारऐवजी गुरुवारी लॅबला गेल्यानं कुणाचं करिअर संपत नाही. दोघांपैकी एकाला थोडी गैरसोय होणारच असेल, तर ज्यानं अंतर मागितलं आहे त्याच्यावरच ती का टाकायची? निकालासाठी थांबावं लागतं, अंतर ठेवण्यासाठी थांबावं लागत नाही. आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, हेही त्याच नियमांत लिहिलं आहे.

कॉलेजनं काहीच केलं नाही, असं मात्र नाही. त्या प्रकरणानंतर मुलींच्या हॉस्टेलची वेळ अर्ध्या तासानं अलीकडे आणली. मुलांच्या हॉस्टेलला वेळच नव्हती. सुरक्षेच्या नावाखाली मुलींवर वेगळी बंधनं घालू नयेत, असं तेच विनियम सांगतात. पण कुलूप लावणं सोपं असतं. प्रकरण हॉस्टेलच्या आतल्या, ओळखीच्या, वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाचं होतं. गेट लवकर बंद करून त्याला कोण अडवणार होतं?

मी कॉलेजला दोष देतोय, पण माझा भाग त्यात लपवू शकत नाही. मला भीती कसली होती? रूम बदलावी लागेल, ग्रुपमधून बाहेर पडेन, ‘मुलीसाठी दोस्ताला विकलं’ असं म्हणतील. एवढीच. तिची भीती याहून कितीतरी मोठी होती आणि तरी ती एकटी त्या खोलीत जाऊन बोलली.

तुम्ही आत्ता कॉलेजात असाल, तर एक काम करा. तुमच्या समितीवर कोण आहे, त्यांची नावं आणि नंबर कुठे लावलेत, विद्यार्थी निवडून आलेत की नेमलेत, हे विचारा. प्रकरण घडायच्या आधी विचारा. नंतर प्रत्येकाला कुणाची ना कुणाची बाजू सांभाळायची असते.

त्या दिवशी माझ्याकडे कुणी निकाल मागितला नव्हता. तो गुन्हेगार आहे की नाही, हे मी ठरवायचं नव्हतं. मला फक्त एवढंच सांगायचं होतं : “हो मॅडम. कँटीनमागच्या पार्किंगमध्ये त्यानं तिचा हात पिरगळून फोन हिसकावला. मी तिथे होतो.”