नव्या खेळाडूला वेळ द्या, पण कशासाठी?

1999 च्या उन्हाळ्यात लंडनच्या आर्सेनल क्लबने एक फ्रेंच आघाडीवीर विकला आणि आलेल्या पैशातून दुसरा आणला. विकलेला निकोलस अनेल्का वीस वर्षांचा होता, आणलेला थिएरी हेन्री बाविशीच्या उंबरठ्यावर. दोघंही पॅरिसच्या उपनगरांत वाढलेले, दोघांच्याही घराण्याची मुळं कॅरिबियन बेटांवरची, दोघंही क्लेरफाँतेनच्या राष्ट्रीय अकादमीत घडलेले. अनेल्कासाठी रिआल माद्रिदने सुमारे 2 कोटी 30 लाख पौंड मोजले. हेन्री साधारण निम्म्या किमतीत आला. उरलेल्या रकमेतून लंडन कोल्नीच्या नव्या सराव केंद्राला हातभार लागला.

हेन्रीने पहिल्या आठ सामन्यांत एकही गोल केला नाही. 18 सप्टेंबरला साउदॅम्पटनविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरल्यावर त्याचं खातं उघडलं आणि मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर 26 गोल होते. पुढे तो या क्लबसाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला; एकूण 228. अनेल्काची माद्रिदमधली कहाणी याच्या उलटी. लीगमध्ये जेमतेम दोन गोल. मार्चमध्ये सरावाला जायला नकार, त्याबद्दल 45 दिवसांची बंदी. मग अचानक चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही सामन्यांत गोल, मे महिन्यात युरोपचा करंडक, आणि त्याच उन्हाळ्यात पॅरिसला रवानगी.

या दोन कहाण्यांवरून फुटबॉलच्या गप्पांत एक तात्पर्य काढलं जातं: हेन्रीला रुळायला वेळ मिळाला, अनेल्काला मिळाला नाही. मला ते पटत नाही. हेन्रीचं खातं सहा-सात आठवड्यांतच उघडलं होतं, अनेल्का पूर्ण मोसमभर तिथे होता. शिवाय हाच हेन्री त्याआधी सात महिने इटलीत युव्हेंटसकडे होता आणि तिथे त्याने लीगमध्ये तीनच गोल केले होते. तोच पाय, तोच वेग, तेच वर्ष. बदलली ती आजूबाजूची माणसं आणि त्याच्याकडून मागितलं गेलेलं काम. युव्हेंटसने त्याला बाजूच्या रेषेवर ठेवलं आणि मागे धावून बचाव करायला लावला. लंडनमध्ये त्याला भेटले आर्सेन वेंगर, ज्यांनी मोनॅकोमध्ये सतराव्या वर्षी त्याला पहिली संधी दिली होती. त्यांनी त्याला आघाडीच्या मध्यभागी आणलं. संघात पॅट्रिक व्हिएरा आणि इमॅन्युएल पेटी होते, ड्रेसिंग रूममध्ये फ्रेंच ऐकू येत होतं. आठ सामने गोल झाला नाही, तरी पुढच्या शनिवारी आपल्याकडून काय हवं आहे हे त्या पोराला माहीत होतं.

अनेल्काने माद्रिदबद्दल नंतर सांगितलेली आठवण बोलकी आहे. ड्रेसिंग रूममध्ये तो ज्या जागेवर बसे ती दुसऱ्याच कुणाची तरी निघे; त्याची म्हणून एकही जागा नव्हती. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी फुटबॉलच्या अर्थकारणावरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हा प्रसंग घेतला आहे आणि त्यावर विचारलेला प्रश्न हिशेबी माणसाचा आहे: कोट्यवधी पौंडांना घेतलेल्या माणसाच्या राहण्या-बसण्याची सोय लावण्यावर क्लब किरकोळ रक्कमही खर्च का करत नाहीत? (अनेल्काचा स्वभाव सरळ नव्हता, हेही खरं. पण वीस वर्षांचे किती मुलगे सरळ असतात?)

बदलीवर आलेल्या कुठल्याही बँक अधिकाऱ्याला विचारा. घर शोधायचं, मुलांचा शाळाप्रवेश, गॅस कनेक्शन, बायकोची सुटलेली नोकरी. पहिले तीन महिने डोकं यातच असतं, आणि त्याच्या कामाला कुणी पन्नास हजार प्रेक्षक शिट्ट्या घालत नाहीत. 2004 मध्ये दिदिए द्रोग्बा मार्सेहून चेल्सीत आला तेव्हा त्याची किंमत 2 कोटी 40 लाख पौंड होती आणि तो कुटुंबासह घर नि शाळा शोधत होता. या कामात क्लबची फारशी मदत झाली नाही, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. मैदानावर लोक म्हणत होते, याला इंग्लिश फुटबॉल झेपत नाही.

उलट उदाहरण फ्रान्समधल्या लियाँचं. 2002 ते 2008 अशी सलग सात विजेतेपदं मिळवणाऱ्या या क्लबने ब्राझीलमधून एकामागून एक खेळाडू आणले. ज्युनिन्यो तर तिथे आठ वर्षं राहिला. आलेल्या माणसाचं घर, बँक, फ्रेंचची शिकवणी हे सगळं पाहणं क्लब आपलं कामच समजत असे. आता इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबांतही ‘प्लेअर केअर’ नावाचे विभाग आहेत. उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणायचं.

पण सगळा दोष घर आणि भाषेवर टाकला की फर्नांडो टोरेस आडवा येतो. 2007 मध्ये तो माद्रिदहून लिव्हरपूलला आला. परका देश, परकी भाषा, आयुष्यात पहिल्यांदाच आपलं शहर सोडलेलं. पहिल्याच मोसमात त्याने लीगमध्ये 24 गोल केले. साडेतीन वर्षांनी, जानेवारी 2011 मध्ये, चेल्सीने 5 कोटी पौंड देऊन त्याला लंडनला नेलं. आता भाषा येत होती, प्रतिस्पर्धी बचावपटू पाठ होते, लीग तीच होती. रुळायला त्याच्याइतका तयार नवखा शोधून सापडला नसता. पहिला गोल व्हायला 23 एप्रिल उजाडला; मैदानावरची 903 मिनिटं गेली होती. तिथे तो 172 सामने खेळला आणि 45 गोल केले. त्याला वेळ मिळाला नाही असं कोण म्हणेल? 2010 मध्ये गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि बचावपटूच्या खांद्यावरून निसटण्याचा तो अर्धा यार्ड वेग गेला होता, असं मला वाटतं. त्यात चेल्सीच्या खेळात मोकळ्या जागेत धावायला वावही कमी होता. या दोन्ही गोष्टी कॅलेंडर उलटल्याने बदलणाऱ्या नव्हत्या.

लुका मॉड्रिचची गोष्ट याहून रंजक आहे, कारण ती नेहमी संयमाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ऑगस्ट 2012 च्या अखेरीस तो टॉटनहॅमहून रिआल माद्रिदला गेला, मोसमापूर्वीच्या सरावाशिवाय. डिसेंबरमध्ये ‘मार्का’ या क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला मोसमातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं. पुढे सहा चॅम्पियन्स लीग, 2018 चा बॅलन डी’ऑर आणि क्लबच्या इतिहासात सर्वाधिक, 28 करंडक. संयमाचं फळ? त्या डिसेंबरमध्ये मधल्या फळीत त्याच्या जागी कोण होतं ते पाहा. मागे शाबी अलोन्सो आणि सामी खेदिरा, पुढे मेसुत ओझिल. तिघंही फॉर्मात, आणि तिघांवर प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांचा विश्वास. 2013 च्या उन्हाळ्यात मोरिन्यो गेले, कार्लो अँचेलोट्टी आले. सप्टेंबरात ओझिल आर्सेनलला गेला. नोव्हेंबरात खेदिराचा गुडघा गेला. मॉड्रिचला जागा मिळाली. मार्च 2013 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर बदली म्हणून उतरून लांबून मारलेल्या गोलने त्याने सामना फिरवला होता. तो खेळाडू डिसेंबरमध्येही तितकाच चांगला होता.

मग सराव, डावपेच, संघाची पद्धत शिकणं याला वेळ लागतच नाही का? लागतो, आणि तिथे मात्र वेळ खरोखर कामी येतो. युर्गन क्लॉप यांच्या लिव्हरपूलमध्ये अँडी रॉबर्टसन 2017 मध्ये हल सिटीहून आला. तो स्कॉटिश, भाषेचा प्रश्न नाही, लीगही ओळखीची. तरी डिसेंबरपर्यंत तो बहुतेक बाहेरच होता आणि आल्बेर्तो मोरेनोच्या घोट्याला दुखापत झाल्यावर कायमचा आत आला. पुढच्या वर्षी मोनॅकोहून आलेल्या फाबिन्योलाही लीगमध्ये सुरुवातीपासून खेळण्यासाठी ऑक्टोबर अखेरपर्यंत थांबावं लागलं. क्लॉप यांच्या पद्धतीत चेंडू हातचा गेला की सहा-सात जणांनी एकाच क्षणी ठरावीक दिशेने झडप घालायची असते. एक जण अर्धा सेकंद उशिरा निघाला की मागे मैदान उघडं पडतं. ही सवय दौऱ्याच्या धावपळीत लागत नाही, रोजच्या सरावात लागते. त्या महिन्यांत दोघंही रोज काहीतरी शिकत होते.

वेंगर यांनी 2000 मध्ये रॉबर्ट पिरेसला सुंदरलंडमधल्या पहिल्या सामन्यात बाकावर बसवलं. इंग्लंडमध्ये कसं खेळतात ते आधी डोळ्यांनी बघ, असा हेतू. त्या दिवशी आर्सेनल हरला, व्हिएराला लाल कार्ड मिळालं, आणि पिरेसला जे बघायचं ते बघून झालं. पुढच्या मोसमात, 2002 मध्ये, क्रीडा पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं.

आता थोडा कोरडा हिशेब. एखादा चांगला आघाडीवीर दर तीन सामन्यांपैकी एकात गोल करतो असं धरू. पहिले पाचही सामने कोरडे जाण्याची शक्यता किती? दोन तृतीयांश पाच वेळा गुणा: सुमारे 13 टक्के. एका उन्हाळ्यात असे वीस आघाडीवीर विकत घेतले गेले, तर त्यातले दोन-तीन केवळ योगायोगाने पहिले पाच सामने कोरडे काढतील. रुळणं, न रुळणं याच्याशी त्याचा काहीही संबंध नसेल. तरी त्या दोन-तिघांवर समालोचक तासन् तास बोलतात, कारण शनिवार ते शनिवार बोलायला काहीतरी लागतंच. एर्लिंग हालांडने जुलै 2022 मध्ये मँचेस्टर सिटीसाठी लिव्हरपूलविरुद्धच्या पहिल्या सामन्यात अगदी जवळून चेंडू बारवर मारला, तेव्हा जगभर हसू झालं. आठच दिवसांनी वेस्ट हॅमविरुद्ध दोन गोल, आणि मोसमाअखेर 36. प्रीमियर लीगचा विक्रम. त्या आठ दिवसांत तो रुळला का?

संयमाच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत आणखी एक गोम आहे. हेन्री, मॉड्रिच, पॅट्रिस एव्हरा ही नावं आपल्याला आठवतात, कारण ते पुढे मोठे झाले. एव्हराचं मँचेस्टर युनायटेडसाठीचं पदार्पण जानेवारी 2006 मध्ये सिटीविरुद्ध झालं. मध्यंतरालाच त्याला काढलं आणि संघ 3-1 ने हरला. ही आठवण आज गोड वाटते, कारण नंतर तो कर्णधारपदाची पट्टी बांधून खेळला. पण त्याच क्लबने 2003 मध्ये ब्राझीलचा विश्वविजेता क्लेबर्सन आणला, दोन मोसम ठेवला आणि हाती फारसं काही लागलं नाही. चेल्सीने आंद्री शेवचेन्कोलाही वेळ दिला. वेळ मिळूनही न जमलेल्यांची यादी बरीच लांब आहे, फक्त ती कुणी सांगत बसत नाही.

हा प्रश्न आपल्याही दारात आला, आणि तोही याच मंडळींना घेऊन. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पिरेस एफसी गोवाकडून फातोर्ड्याच्या मैदानावर उतरला आणि अनेल्का मुंबई सिटीकडून. माद्रिदमध्ये बसायला जागा न मिळालेल्या माणसाला मुंबईने पुढच्या वर्षी खेळाडू-व्यवस्थापक केलं, हा दैवाचा विनोद. ती पहिली स्पर्धा 12 ऑक्टोबर ते 20 डिसेंबर, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांची. पिरेसला इंग्लंडमध्ये जितका अवधी लागला, तेवढ्यात इथे दोन-तीन स्पर्धा उरकल्या असत्या. चाळिशीतल्या पिरेसला दमट गोव्यात ते जमावं ही अपेक्षाच चुकीची होती. नावं पोस्टरवर शोभली, आणि पोस्टरसाठीच आणली होती.

2017 मध्ये मोसम लांबला आणि गोव्याने वेगळा मार्ग धरला. प्रशिक्षक सर्जियो लोबेरा स्पॅनिश. त्यांनी आपल्या भाषेतले, आपल्या पद्धतीचा पास ओळखणारे खेळाडू सोबत आणले: मॅन्युएल लॅन्झारोटे, एडू बेडिया आणि सायप्रसमध्ये खेळत असलेला, चौतिशीचा फेरान कोरोमिनास. त्याला घरी सगळे कोरो म्हणत, गोव्यातही तेच नाव रुळलं. तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यात लागोपाठ हॅट्ट्रिक, पहिल्या मोसमात 18 गोल, दुसऱ्यात 16, दोन्ही वेळा गोल्डन बूट. त्याला रुळायला वेळ लागला नाही, कारण त्याच्यासाठी जागा आधीच आखून ठेवली होती आणि चेंडू कुठून येणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ब्रूनो फर्नांडिसचंही 2020 च्या जानेवारीत मँचेस्टर युनायटेडमध्ये असंच झालं. भर मोसमात, सरावाशिवाय आला, पण ज्या जागेवर तो आला ती रिकामीच होती. लीगच्या 14 सामन्यांत 8 गोल.

कोल्हापूरच्या तालमींनाही हा प्रश्न चुकलेला नाही. पेठांचे संघ बाहेरून, अगदी परदेशांतूनही खेळाडू आणतात आणि शाहू स्टेडियमच्या गर्दीला पहिल्याच सामन्यात गोल हवा असतो. त्या गर्दीला दोष देण्यात अर्थ नाही. तिकीट काढून आलेल्याने धीर का धरावा?

तेव्हा ज्या क्लबवर तुमचा जीव आहे त्याने या जानेवारीत कुणाला आणलं आणि एप्रिलपर्यंत त्याचं काही दिसलं नाही, तर त्या पोराच्या नावाने बोटं मोडण्याआधी दोन गोष्टी पाहा. त्याला त्याच्या जागेवर खेळवतात का, आणि बाकावर असताना त्याच्याकडून काही करून घेतलं जातंय का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर व्यवस्थापकाला आणि खरेदी करणाऱ्यांना धारेवर धरा. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असूनही दुसरा मोसम तसाच गेला, तर खरेदी फसली असं बिनदिक्कत म्हणा.