खालच्या गियरात

थांबा. इंजिन बंद करा.

डांबर इथं संपलं आहे. पुढं तांबडी वाट आहे, वर धनगरवाड्याकडं जाणारी.

कोल्हापूरच्या पश्चिमेला अशा कितीतरी वाटा मोठा रस्ता सोडून डोंगरात शिरतात. गगनबावड्याकडं, राधानगरीत, शाहूवाडीत, पन्हाळ्याच्या मागं. त्यातली एक तुमच्यासमोर आहे. पावसाळा सरला आहे. सावलीतली माती अजून ओली आहे.

काच खाली घ्या.

तापलेला पत्रा टिकटिक करतो, मग तोही गप्प होतो. कारवीतून वारा येतो. एक श्वास आत. तो सावकाश बाहेर.

आज आपण दोन गाड्या घेऊन एकच चढ चढणार आहोत. एक हलकी, एक जड. कोण चांगली, हे इतक्यात ठरवू नका. आधी एकीत बसू, मग दुसरीत.

पण बसण्याआधी खाली उतरा.

टायरवर तळहात ठेवा.

रबर कोमट आहे. नक्षीच्या खाचांत बोट घाला. खाच खोल आहे का, ते पाहा. तांबडी माती या खाचांत भरून बसली, की टायर गुळगुळीत होतो आणि मग गाडी कितीही महाग असो, ओल्या उतारावर ती घसरते. या वाटेला गाडीतलं हे एवढंच हात लावतं. चार तळवे. बाकी सगळं त्यांच्यावर उभं आहे.

थोडी हवा सोडा. थोडीच.

टायर किंचित पसरतो. जमिनीवर जास्त टेकतो. परत डांबरावर गेल्यावर हवा भरून घ्यायची आहे, ते ध्यानात ठेवा.

आता वाट पायी चढा. गाडीशिवाय.

तुमच्या पोटऱ्यांना चढ कळतो आहे. पाणी कुठून वाहून गेलं, तेही कळतं. मधोमध चर पडला आहे. डावीकडं जांभ्याचा एक दगड मातीतून वर आलेला आहे. खडबडीत, भोकाभोकांचा, वरून शेवाळलेला.

या दगडापाशी उकिडवे बसा.

हात पसरून वीत लावा. दगड वितीपेक्षा थोडा कमी भरतो. हलक्या जिम्नीच्या पोटाखाली २१० मिलिमीटर जागा आहे, जड थारच्या पोटाखाली २२६. दोन्ही वीतभरच. म्हणजे हा दगड पोटाखालून जाईल, पण जेमतेम. त्यापेक्षा चाक त्याच्यावर घालणं बरं. चाक वर गेलं की पोटही वर जातं.

दगड पाहून ठेवा. आज आपल्याला एवढंच पाहायचं आहे. एक चाक आणि हा एक दगड.

खाली या. हलक्या गाडीत बसा.

ही पाच दारांची जिम्नी, २०२३ साली आपल्याकडं आलेली. वजन साधारण बाराशे किलो. रुंदी १,६४५ मिलिमीटर. १९८५ च्या जिप्सीचं हे घराणं. जिप्सी पाट्यांवर उभी होती, ही स्प्रिंगांवर आहे, पण पुढचा आणि मागचा दोन्ही अॅक्सल तिच्यासारखेच सलग, अखंड.

गाडी जागेवर उभी असतानाच क्लच दाबा. छोटा दांडा ओढून लो रेंजला घ्या. मग पहिला गियर.

क्लच सोडा. पूर्ण सोडा. पाय तिथं रेंगाळू देऊ नका.

गाडी निघते. माणूस चालतो त्याहूनही हळू. इंजिनाचा आवाज मोठा आहे आणि चाकं जेमतेम फिरताहेत. या दोन्हींमधलं अंतर ऐका. तिथंच ताकद आहे. वेग सोडून दिला, तेव्हा ती मिळाली.

दगड जवळ येतो.

डावं चाक टेकतं. क्षणभर सगळं अडतं.

थांबू नका, दामटूही नका. उजव्या पावलाचा अंगठा किंचित खाली. श्वास चालू ठेवा.

चाक चढतं. डावी बाजू वर उचलली जाते आणि सलग अॅक्सलमुळं उजवं चाक तेवढंच खाली चरात दाबलं जातं. तुमचं डोकं उजवीकडं झुकतं, परत येतं. स्टिअरिंग हातात हलकेच वळवळतं. अंगठे आत अडकवू नका, बाहेर ठेवा. तिला वळवळू द्या.

उजवं मागचं चाक चरावर अधांतरी येतं. ते रिकामं फिरतं. गरगर. मग गाडी स्वतःच त्या चाकाचा ब्रेक धरते, खडखड असा आवाज येतो आणि जोर टेकलेल्या चाकाकडं जातो. त्या खडखडीला दचकू नका.

गाडी वर येते. दोन्ही बाजूंना कारवी आहे, पण ती आरशांना लागत नाही. या अरुंद वाटेवर तिचं बारीक असणं किती मोलाचं आहे! माती तिच्याखाली फारशी खचलेली नाही. मागं वळून पाहा. चाकोरी उथळ आहे.

एक श्वास. पुन्हा एक.

परत खाली या. आता जड गाडी.

ही २०२० सालची थार. वजन पावणेदोन टनांच्या आसपास. रुंदी १,८२० मिलिमीटर. डिझेल इंजिन, ३०० न्यूटन-मीटर ओढ. जिम्नीच्या पेट्रोल इंजिनाची ओढ १३४. आकडे वाचून सोडून द्या. ते आता पोटात जाणवतील.

तसाच दांडा. तसाच पहिला गियर. तसाच क्लच, पूर्ण सोडलेला.

अॅक्सिलरेटरवर पाय ठेवू नका. ठेवूच नका. पाय जमिनीवर टेकवा आणि बघा.

ती चालते आहे. पाय न लावता चढ चढते आहे. आसनातून एक खोल घरघर मांड्यांत शिरते.

दगड जवळ येतो. तोच दगड.

डावं चाक टेकतं. इथं अडणं फारसं होत नाही. पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी आहेत, त्यामुळं डावं आपलं एकटं वर जातं आणि उजवं त्याच्या जागी राहतं. धक्का मऊ आहे. दगडावरचं शेवाळ चिरडल्याचा ओला आवाज येतो.

पण मागं वळून पाहा. चाकोरी खोल गेली आहे. कारवीच्या काटक्या दारांवर घासल्या आहेत. वाट आडवी कलते तिथं तुम्ही दरीकडं ओढले गेलात, आणि ती ओढ हलक्या गाडीत होती त्यापेक्षा मोठी होती. तुमचे खांदे आखडलेत. त्यांना खाली सोडा.

मला विचाराल, तर या ओल्या, अरुंद वाटेवर एकट्यानं जायला मी हलकी गाडी घेईन. चढ मोठा असेल, माती सुकी असेल, मागं ओढायला काही असेल, तर जड.

अजून वर पोचलो नाही. थोडं थांबू.

समजा, इथंच इंजिन बंद पडलं. चढाच्या मध्ये, तोंड आभाळाकडं.

पोटात गोळा येतो. येऊ द्या.

ब्रेक दाबून धरा. हँडब्रेक ओढा. रिव्हर्स गियर टाका. मग इंजिन सुरू करून, ज्या चाकोरीनं आलात त्याच चाकोरीनं, सरळ मागं या. गाडी आडवी करून वळवायला जाऊ नका. चढावर आडवी झालेली गाडी उलटू शकते. हलकी असो की जड. हे सावकाश, दोनदा वाचा.

आता वर. वाड्यावर.

कुडाची घरं, गोठा, दुधाच्या किटल्या. इथं एक तिसरी गाडी उभी आहे. बोलेरो, मागं पाट्यांची. तिला आपण मनात घेतलं नव्हतं. आपल्या भागात वडापनं, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या गाडीनं, जाणाऱ्या प्रत्येकानं असल्या गाडीत गुडघे दुमडून बसून पाहिलं आहे.

तिच्या पाट्यांना हात लावा. एकावर एक लोखंडी पट्ट्या, गंजलेल्या, मातीनं माखलेल्या. रिकामी असताना ही गाडी खड्ड्यात उडते. मागं पोती पडली, माणसं बसली, की पाटे खाली येतात आणि ती जमिनीला धरून चालायला लागते. ओझ्यानं ती सुधारते.

तिच्यात बसा. पुढं नको. मागं बसा.

आता उतार.

चालवणाऱ्याला सांगा: पुन्हा पहिला गियर. ज्या गियरात चढलात, त्याच गियरात उतरायचं. न्यूट्रल नाही. क्लचवर पाय नाही. खालच्या गियरात इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेकला अधूनमधून नुसता स्पर्श. सतत दाबून ठेवलात, तर लायनर तापल्याचा जळका वास येईल आणि पुढच्या वळणावर ब्रेक कमी लागेल. काही नव्या गाड्यांत उतारावर वेग आवरायला बटण असतं. ते दाबा, पण गियर तरीही पहिलाच असू द्या.

तुम्ही मागं आहात. मागचं सगळं जास्त जाणवतं. चालवणाऱ्याला पुढची वाट दिसते, त्याचं अंग आधीच तयार होतं. मागच्याला दगड दिसत नाही, नुसता हिसका कळतो.

डोळे मिटा. दगड कधी येतो ते अंगानं ओळखा.

आला.

तुमच्या शेजारी एक आजी बसल्या आहेत, असं समजा. अंगात ताप आहे. गगनबावड्याच्या दवाखान्यात न्यायचं आहे. त्यांचा हात तुमच्या हातात आहे. गाडी कलली, की त्यांची बोटं घट्ट होतात. सरळ झाली, की सैल.

त्या बोटांकडं लक्ष द्या. प्रत्येक वळणावर.

आता तिन्ही गाड्या पुन्हा मनात आणा आणि त्याच बोटांना विचारा. जिम्नीत मागं दोन माणसं बसतात, थारमध्येही दोन, आणि थारमध्ये मागं जायला वेगळं दार नाही, पुढचं सीट पुढं सारून आत शिरावं लागतं. अंगात ताप असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते जमत नाही. बोलेरोच्या मधल्या बाकावर त्यांना आडवं करता येतं, उशाला मांडी देता येते. पण चारही चाकांना जोर देणारी बोलेरो क्वचितच दिसते, आणि पावसाळ्यात ही वाट मागच्या दोन चाकांवर निभत नाही.

म्हणून वाड्यासाठी मी पाट्यांची, लांब बाकाची, फोर बाय फोर गाडी निवडेन. दिसायला जुनी असली तरी. आणि ती चालवायला असा माणूस, ज्यानं ही वाट आधी पायी पाहिली आहे.