शिवराईचा मोह

शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं म्हणजे शिवराई. ती एके काळी रयतेच्या हातात खेळायची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची कड. सोन्याचा शिवकालीन होन मात्र अतिशय दुर्मीळ. त्याच्याच मोहापायी माणसं कर्ज काढतात आणि बनावट नाणं पदरात पाडून घेतात. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांना भुलू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बजावलं होतं. इतिहासाची ओढच असेल तर, कोल्हापूरकरांनो, टाउन हॉल संग्रहालयात आपल्याच शहरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननातला ठेवा आहे. मुलांना घेऊन जा, निवांत पाहा. तिजोरीत कोंडलेलं नाणं एकाचं. समजून घेतलेला इतिहास साऱ्यांचा.